सहभागी क्रमांक बारा

२ जानेवारी, सकाळी ६

आजपासून नियमित रोजनिशी. कारण पूर्णपणे शास्त्रीय आहे. मी कॉग्निटिव्ह सायन्सच्या एम.ए.ला आहे, म्हणजे मन कसं चालतं त्याच्या शास्त्राला. अशा माणसाने स्वतःच्या मनाची नोंद ठेवलीच पाहिजे. वर्गात बाकी सगळे पंचविशीच्या आतले. मी अठ्ठावन्न, वजनमापे खात्यातून निवृत्त. आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासले, आता मनाचा तपासायचा. फार फरक नसावा.

ॲडमिशन का घेतली असं लोक विचारतात. ही गेली आणि त्यानंतर लगेच घेतली, त्यामुळे लोक नको तो संबंध जोडतात. संबंध काही नाही. विषयाची आवड मला आधीपासून होती. कधीपासून ते आठवत नाही, पण होती.

संकल्प: रोज पहाटे उठून दोन शोधनिबंध. मग फिरणं. जेवताना रेडिओ बंद. जूनपर्यंत पहिल्या वर्षाचा प्रबंध तयार.

३ जानेवारी, सकाळी ९.४०

उशिरा उठलो. संकल्प एक दिवस मुरू द्यावेत.

५ जानेवारी, रविवार

लेकीचा फोन. ती आणि जावई दुसऱ्या शहरात असतात. नेहमीचंच: बाबा, एकटे किती दिवस राहणार, इकडे या, मागची खोली रिकामीच पडलीय, तुमच्या त्या मोठ्या टेबलासकट या. मी म्हटलं, मी विद्यार्थी आहे, विद्यार्थी असं घर सोडून जात नसतात. ती म्हणाली, विद्यार्थीच जातात बाबा, बाकीचे घरी बसतात.

शेवटी करार झाला. जूनमध्ये प्रबंध पास झाला तर ती हा विषय पुन्हा कधी काढणार नाही. नापास झालो तर घराला कुलूप लावून मी तिच्याकडे राहायला जायचं. मी हसत हो म्हटलं. लेकीला बिचारीला माहीत नाही तिने कुणाशी करार केलाय.

नंतर ती म्हणाली की परवा तिला आईचं स्वप्न पडलं. मी म्हटलं दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. घरात दूध नव्हतं, पण असतं तर गेलंच असतं.

९ जानेवारी, दुपारी ३

मॅडमना विषय सांगितला. मॅडम म्हणजे माझ्या मार्गदर्शक. वय लेकीएवढंच, पण मी मॅडम म्हणतो आणि त्या मला सर म्हणतात, त्यामुळे दारातून आधी कोणी जायचं याचा रोज घोळ होतो.

माझं म्हणणं असं: माणसाचं मन भरकटतं हा एक गैरसमज आहे. काटा जसा वापरण्याआधी शून्यावर आणतात तसं मनही आणता येतं. पाठ ताठ, दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले, अंगठ्याने तर्जनी दाबायची आणि आतल्या आत म्हणायचं, शून्य. मी ही पद्धत स्वतः तयार केली आहे. गेले काही महिने वापरतो आहे. उत्तम चालते.

मॅडम म्हणाल्या, सर, तुमचं मन कधीच भरकटत नाही? मी म्हटलं, नाही. मग त्या म्हणाल्या, आत्ता तुम्ही माझ्या कपातली कॉफी पिताय.

दोन्ही कप एकसारखे होते. हा साहित्याचा दोष. मनाचा नव्हे.

१४ जानेवारी

विषय मंजूर! मॅडम म्हणाल्या की पद्धत चालो न चालो, तपासून बघायला हरकत नाही. "चालो न चालो" हे त्यांनी प्रोत्साहन म्हणून म्हटलं.

प्रयोग सोपा आहे. सहभागी माणसांच्या फोनवर दिवसात कधीही घंटी वाजणार. वाजली की त्या क्षणी मनात काय होतं ते एका वाक्यात लिहायचं. नंतर प्रत्येक वाक्य दोनपैकी एका डब्यात टाकायचं: काम, नाहीतर भटकंती. पहिला आठवडा नेहमीसारखा, दुसऱ्या आठवड्यात शून्य पद्धत. भटकंती कमी झाली की मी जिंकलो.

विभागाच्या नियमाप्रमाणे किमान बारा माणसं हवीत. ती तर मी संध्याकाळपर्यंत गोळा करीन.

२९ जानेवारी

नऊ झाली. लोकांना शास्त्राबद्दल आस्था नाही.

३० जानेवारी, सकाळी १०

दहावे मिळाले. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. दोन वर्षं दात दाखवायला येतो म्हणताय, ते आधी दाखवा, मग घंटी काय घंटा वाजवा, असं म्हणाले. जबड्यात हत्यारं असताना मी त्यांना शून्य पद्धत समजावून सांगितली. त्यांना पूर्ण पटली. मान हलवत होते. की ती माझी मान हलत होती?

अकरावी तयार होती, पण ती दुसऱ्या कामाला लागली. वर्गातली एक मुलगी, कायम गळ्यात हेडफोन, म्हणून मी मनात तिला हेडफोन म्हणतो. घंटीचं ॲप तिनेच फोनवर चढवून दिलं. आधी मला अंकल म्हणायची, आता काका म्हणते. ही बढती समजतो. तिने विचारलं, दुसरी तपासनीस कोण? मला कळेना. तर नियम असा की वाक्यं डब्यात टाकण्याचं काम दोघांनी वेगवेगळं करायचं, एकमेकांचं न बघता. मग दोघांचं किती जुळलं त्याचा आकडा काढायचा. एकट्या माणसावर विश्वास नाही, म्हणाली, आपण सगळेच स्वतःला गोंजारतो. मी म्हटलं, मी नाही, पण नियम तर नियम. ती तयार झाली.

६ फेब्रुवारी

अकरावा मिळाला. बारावा मिळाला आणि गेला. बस चालवतो. म्हणाला, घंटी वाजल्यावर लिहायला लागलो तर मागचे पन्नास जण काय करतील?

मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की संशोधकाने स्वतः सहभागी व्हायचं नाही. नियम मला मान्य आहे. पण तो कशासाठी आहे? संशोधक स्वतःला गोंजारील म्हणून. जो गोंजारत नाही त्याला तो लागू होत नाही.

सहभागी क्रमांक बारा: मी. नाव कुठेही नाही. गोपनीयता हा संशोधनाचा कणा आहे.

१० फेब्रुवारी

पहिली घंटी! सकाळी दाढी करताना. काळीज असं उडालं, हनुवटी कापली. मजा येते आहे.

मनात होतं ते लिहिलं: "टॉवेलची घडी ती तीन पदरी घालायची. दोन पदरी घातली की कपाटात मावत नाही. मला तीन पदरी जमत नाही."

हे कुठल्या डब्यात? प्रथमदर्शनी भटकंती वाटेल. पण वस्तूची घडी आणि जागा हा अवकाशीय बोधाचा प्रश्न आहे, आणि तो आमचा पेपर तिसरा आहे. डबा: काम.

१३ फेब्रुवारी, दुपारी १

घंटी. "घरातून निघाल्यावर जिन्यातून परत जायची, इस्त्री बंद केली का बघायला. इस्त्री दोन वर्षं बिघडलेली होती." हे सरळ कार्यस्मृती. पेपर पहिला. डबा: काम.

घंटी. "दुकानात मी काट्याकडे बघायचो, ती दुकानदाराच्या तोंडाकडे. उत्तर एकच यायचं. तिचं आधी." निर्णयप्रक्रिया. काम.

घंटी. "झोपेत पाय गार लागायचे. हिवाळ्यात माझ्या पोटरीला लावायची, न विचारता." स्पर्शसंवेदन. काम. अभ्यासक्रमाचा एक तरी विषय राहिलाय का?

अभ्यास इतका खोल चालला आहे की आज दुपारचं जेवायचं विसरलो.

१६ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन. आईच्या कपड्यांचं काय करायचं बाबा, विचारत होती. मी म्हटलं, डेटा कलेक्शन चालू आहे.

१८ फेब्रुवारी

दुसरा आठवडा. पाठ ताठ, तळवे, अंगठा, शून्य. आता मन असं स्थिर आहे की प्रत्येक घंटीला काम. एकदाही भटकंती नाही. लायब्ररीत घंटी वाजली तेव्हा मी तिच्या चष्म्याची काच मनात पुसत होतो. दृष्टिसंवेदन. बाजूचा मुलगा म्हणाला, काका, फोन सायलेंटवर टाका. शास्त्र सायलेंट नसतं, असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही. सायलेंटवर टाकला.

३ मार्च, सकाळी ११

आकडे आले!!

अकरा जणांचं मन जसं होतं तसंच. डॉक्टर तर दात कोरताना दोन्ही आठवडे मनात मासेमारी करत होते. पण बारावा! बाराव्याचं दोन्ही आठवडे शंभर टक्के काम, त्याला पद्धतीचा सराव आधीपासूनचाच! त्याच्या एकट्याच्या जिवावर सगळी सरासरी उचलली गेली. ज्याने पद्धत मनापासून पाळली त्याचं मन तसूभरही हललं नाही. याला म्हणतात निकाल.

घरात गाणं म्हटलं. मोठ्याने. गाणं येत नाही, तरी म्हटलं. मग शिंप्याकडे जाऊन कोटाचं माप दिलं. परिषदांना लागेल. शिंपी म्हणाला, साहेब, कंबर कमी झालीय. म्हटलं, मन हलकं की शरीर हलकं.

पुढचं सगळं दिसतंय. आधी प्रबंध. मग पुस्तक. मग बँका, दवाखाने, विमान चालवणारे, सगळ्यांना शून्य पद्धतीचं प्रशिक्षण. शिपायापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांचे तळवे जमिनीला. परतताना दोन दोन पायऱ्या चढलो. तिसऱ्या मजल्यावर बसावं लागलं, पण आनंदाने बसलो.

११ मार्च

हेडफोनने तिची तपासणी संपवली. आज कॅन्टीनमध्ये पळतच आली. काका, हा बारा नंबर कोण आहे हो? म्हटलं, गोपनीय. ती म्हणाली, बाकीचे सगळे दोन डब्यांत बसले, पण याच्यासाठी मला तिसरा डबा काढायला लागला. डब्याचं नाव काय ठेवलं म्हणून विचारलं. म्हणाली, "ती".

मग म्हणाली, ठार प्रेमात आहे पोरगा. दोघं एकत्र राहत असणार. सोडून गेलेली दिसते. आणि हा बावळट अजून टॉवेलच्या घड्या घालत बसलाय.

मी म्हटलं, असेल.

मग हात जोडून म्हणाली, काका, प्लीज, त्याला माझा नंबर द्या. असा मुलगा मी तीन वर्षं शोधतेय. माझ्या शेवटच्याला माझा वाढदिवस आठवत नव्हता, हा कोणाचे पाय कुठे गार लागायचे ते सांगतोय!

मी खोकलो. बराच वेळ खोकलो. घरी आल्यावर आरशात पाहिलं. पोरगा म्हणाली. कोटाचं माप तसं योग्य वेळीच दिलं.

१९ मार्च

विभागात बारा नंबरची चर्चा. मुली पैजा लावत आहेत. वाक्यं हेडफोनने बाहेर सांगायला नको होती, पण सांगितली. बहुमताने संशय लॅबमधल्या तंत्रज्ञावर. उंच आहे, केस कपाळावर येतात, कमी बोलतो. त्याला विचारलं तर त्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, फक्त खिडकीबाहेर बघून हसला.

तेव्हापासून त्याच्या टेबलावर रोज कोणीतरी केक ठेवतं.

हा लबाड माणूस आहे. टॉवेल माझे, इस्त्री माझी, पाय माझ्या पोटरीला, आणि केक त्याला?

३० मार्च, रविवार

लेकीचा फोन. आनंदात आहात बाबा, आवाजावरून कळतंय, म्हणाली. म्हटलं, प्रयोग गाजतोय. ती म्हणाली, कोणाबद्दल आहे? मी म्हटलं, कोणाबद्दल म्हणजे? मनाबद्दल. ती म्हणाली, बरं.

८ एप्रिल, दुपारी ४

मॅडमनी बोलावलं. माझी तपासणी आणि हेडफोनची तपासणी यांच्या जुळणीचा आकडा आला. एक आला तर पूर्ण जुळलं. शून्य आला तर नशिबाने जुळावं तेवढंच जुळलं. बाराव्या क्रमांकाचा आकडा शून्याच्या खाली आला आहे.

मॅडम म्हणाल्या, सर, शून्याच्या खाली माझ्या पाहण्यात पहिल्यांदाच. तुम्ही दोघांनी नाणं उडवलं असतं तरी जास्त जुळलं असतं. मी जिथे काम लिहिलं तिथे तिने एकूणएक ठिकाणी "ती" लिहिलं आहे. तिचं बरोबर धरलं तर बाराव्याचं मन शंभर टक्के भरकटलेलं. माझं बरोबर धरलं तर तो साधू आहे.

मी पेपर तिसरा, पेपर पहिला वगैरे समजावून सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, अहो सर, ज्याला गार पाय आठवतायत तो स्पर्शसंवेदनाचा अभ्यास करत नसतो. सगळा निकाल या एका माणसावर उभा आहे. जूनच्या तोंडी परीक्षेला त्याला घेऊन या. त्यालाच विचारू, त्या क्षणी तो काम करत होता की आठवण काढत होता. नाही आला, तर त्याला वगळायचं.

वगळला तर अकराच उरतात. नियमाने अकरा चालत नाहीत. प्रबंध नापास. घराला कुलूप.

चिंता नाही. बारावा माझ्या पूर्ण ताब्यात आहे.

१२ एप्रिल

योजना: बारावा परगावी गेला म्हणून सांगायचं.

१३ एप्रिल

मॅडम म्हणाल्या, व्हिडिओ कॉल करू.

२ मे, सकाळी १०

योजना दुसरी. डॉक्टर. विश्वासू माणूस, वयाने प्रौढ. त्यांना म्हटलं, तुम्ही दहा आहात, एक दिवस बारा व्हा. त्यांनी वाक्यं वाचली. चष्मा काढला. म्हणाले, अहो, दुसऱ्याच्या बायकोबद्दल मी काय सांगणार? मला त्यांची फक्त दाढ आठवते. वरची, डावीकडची. भूल चढेपर्यंत बोलत होत्या, भूल चढल्यावरही बोलत होत्या. अर्धं तोंड बधिर, तरी तुम्हाला फोन करून पाव आणायला सांगितला. तुम्हाला एक शब्द कळला नव्हता.

मी म्हटलं, कळला होता. पावच आणला होता.

डॉक्टरांनी चष्मा परत घातला. मग म्हणाले, तुमचीही एक दाढ काढावी लागेल. हे त्यांनी विषय बदलायला म्हटलं असावं. आशा आहे.

मी कोणाच्याही बायकोचं नाव काढलं नव्हतं. त्यांनी आपण होऊन काढलं. दातांच्या लोकांना अंदाज बांधायची सवय असते.

१९ मे

योजना तिसरी, सर्वोत्तम. लॅबमधला तंत्रज्ञ! लोक त्याला बारा समजतातच. खरा बारावा आजारी आहे, त्याच्या वतीने तू ये, असं सांगितलं. एका पायावर तयार झाला. आता केकही बंद होऊ घातलेत, म्हणाला.

उद्यापासून त्याची तयारी करून घेणार. आठ दिवसांत सगळं पाठ होईल. इतकी सोपी योजना आधी कशी सुचली नाही?

२० मे, दुपारी २

तयारी. लॅबच्या बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये. टॉवेल घेऊन गेलो होतो. त्याची तिसरी घडी माझ्यापेक्षा बरी आली, हे मान्य करतो.

मग इस्त्रीवर आलो. बिघडलेल्या इस्त्रीसाठी ती जिन्यातून परत जायची हे त्याला सांगितलं. तो हसला. म्हणाला, डोक्यावर परिणाम होता का हो बाईच्या? दुकानदाराच्या तोंडाकडे काय बघायची, कटकटीच दिसते. बरं झालं गेली ते.

माझा आवाज थोडा चढला. नक्की काय बोललो ते लक्षात नाही. वरच्या मजल्यावरून लोक खाली आले, म्हणजे ध्वनी बऱ्यापैकी पोहोचला असणार. मॅडमही आल्या. सगळ्यांना म्हटलं, ध्वनिसंवेदनाची चाचणी घेत होतो. टॉवेल उचलला आणि निघालो.

तंत्रज्ञाला कामावरून काढलं. तो माझ्या कामावर नव्हता, तरी काढलं.

१ जून

लेकीने विचारलं, परीक्षा कधी? सांगितलं. येऊ का? म्हटलं, नको, किरकोळ औपचारिकता आहे.

शिंप्याकडून कोट आला. छान बसतो. खांद्यात थोडा ढगळ. माणूस यशाने भरतो, तेव्हा बसेल.

१० जून, सकाळी ५.३०

आज तोंडी. योजना चौथी: गोपनीयता. बारावा कोण हे सांगणं संशोधनाच्या नीतीत बसत नाही, एवढंच म्हणायचं, ठामपणे. या युक्तिवादाला जगात उत्तर नाही. आत्मविश्वास: शंभर टक्के.

१० जून, संध्याकाळी ६

सगळं नीट लिहून ठेवतो.

परीक्षा खुली असते, त्यामुळे मागे वर्ग बसला होता. हेडफोन पहिल्या रांगेत. बाहेरून आलेले परीक्षक वयाने माझ्याएवढे, हातात चहा. मी पद्धत सांगितली, आकडे सांगितले, तक्ते दाखवले. उत्तम चाललं होतं. मग परीक्षक म्हणाले, छान. बारावा आलाय का?

मी तोंड उघडलं ते गोपनीय म्हणायला. बाहेर पडलं, हो, हजर आहे.

मागे खुर्ची सरकली. तंत्रज्ञ उभा राहिला होता! केस मागे सारत होता. निर्लज्ज. मी म्हटलं, बसा खाली. मग म्हटलं, मी आहे.

हेडफोनने गळ्यातले हेडफोन काढून मांडीवर ठेवले. तोंड लालभडक. मॅडम टेबलाकडे बघत होत्या. मला वाटतं त्यांना कॉरिडॉरमधल्या चाचणीपासूनच माहीत असावं.

परीक्षक म्हणाले, मग तुम्हीच सांगा, हे काम होतं का? मी म्हटलं, अर्थात. प्रत्येक वाक्य अभ्यासक्रमात बसतं. ते म्हणाले, एखादं उदाहरण द्या. मी टॉवेलचं दिलं. त्यावरून आठवलं म्हणून कपाटाचं दिलं. त्यावरून घर घेतलं तेव्हाचं. मग ती कुठल्याही खोलीत शिरली की आधी खिडकी उघडायची ते, मग आगगाडीत अनोळखी बाईच्या खांद्यावर झोपून गेली आणि उतरताना दोघी गळ्यात पडल्या ते. पेपर क्रमांक सांगायचं मध्येच कुठेतरी सुटलं. लोक हसत होते. मीही हसत होतो. पुढचा विद्यार्थी दोनदा दारातून डोकावून गेला. परीक्षकांचा चहा तसाच राहिला.

शेवटी ते म्हणाले, आणि तुमची ती पद्धत? एकदा करून दाखवता? मी पाठ ताठ केली. तळवे टेकवले. अंगठ्याने बोट दाबलं. आत एक शब्द म्हणायचा असतो, तो काही केल्या आठवेना.

एकंदरीत छाप चांगली पडली.

११ जून

नापास.

तांत्रिकदृष्ट्या "डिसेंबरमध्ये पुन्हा सादर करावा". बारावा वगळला. अकरा जणांवर पद्धतीचा काडीचा परिणाम नाही. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं आहे की विद्यार्थ्याने शोकावर काम करण्याचा विचार करावा. मॅडमनी तो शेरा मला वाचून दाखवला नाही, हातात दिला आणि माझ्यासाठी कॉफी आणायला गेल्या.

शोक हा विषय माझ्या क्षेत्राबाहेरचा आहे. तरी पाहुण्यांचा मान म्हणून विचार करीन.

बाहेर पायऱ्यांवर हेडफोन बसली होती. सॉरी काका, ते नंबरचं... मी म्हटलं, मी नंबर जपून ठेवलाय, योग्य माणूस मिळाला की देतो. ती हसली. मग रडली. मग म्हणाली, काका, तिसरा डबा चुकीचा नव्हता ना? मी म्हटलं, तपासणी काटेकोर होती.

१५ जून, रविवार

लेकीला सांगितलं. मला वाटलं, जिंकल्याचा आनंद होईल. ती म्हणाली, बाबा, करार राहू द्या, नका येऊ, तुम्हाला नको असेल तर.

करार म्हणजे करार. मी खात्यात असताना कोणाला सूट दिली नाही, स्वतःला का देऊ? आणि तसंही डिसेंबरच्या प्रबंधासाठी माहिती लागणार आहे. तेव्हा मी राहायला जात नसून फील्डवर्कला जातो आहे. हा फरक तिला समजावून सांगितला. तिला पटला. मोठं टेबल न्यायचं का, तेवढं विचारलं.

२८ जून, सकाळी ८

घराला कुलूप लावलं. जिन्यातून एकदा परत गेलो. सगळं बंद होतं.

१ जुलै

लेकीकडे. फील्डवर्कचा पहिला दिवस. प्रश्नावली तयार केली होती, वीस प्रश्न, प्रत्येकाला ठरावीक वेळ. जावई ऑफिसला गेल्यावर समोरासमोर बसलो. पहिला प्रश्न: मृत व्यक्तीची कोणती सवय आपणास विशेष लक्षात आहे?

लेक म्हणाली, आई पत्त्यांत लबाडी करायची.

मी म्हटलं, अशक्य. लग्न झाल्यापासून मी तिच्याशी पत्ते खेळलो. एकदाही नाही. ती म्हणाली, बाबा, दरवेळी. आणि उठून पत्ते घेऊन आली, वाटले, आणि करून दाखवलं. एक पान मांडीखाली. दुसरं, चहा आणते म्हणून उठताना पदराआड. मला लहानपणीच शिकवलं होतं, म्हणाली, आणि बजावलं होतं, बाबांना सांगशील तर बघ, त्यांचा सगळा जन्म खोटे काटे पकडण्यात गेलाय, वाईट वाटेल त्यांना.

मी पुन्हा करून दाखव म्हटलं. तिने दाखवलं. समोर बघत असूनही मला पकडता आलं नाही.

मग आम्ही जे हसायला लागलो ते थांबेचना. ती टेबलावर डोकं टेकून हसत होती. मी हरलेले डाव मोजायला लागलो आणि त्याने आणखी हसू आलं. मग मध्येच कधीतरी ते हसणं राहिलं नाही. कोणाचं आधी बदललं, सांगता येत नाही. मी लेकीला जवळ घेतलं. तिची आई गेली त्या दिवशी घेतलं नव्हतं.

जावई परत आला तेव्हा दिवे लावलेले नव्हते. त्याने लावले नाहीत. तोही पत्ते वाटून घेऊन बसला.

बाकीचे एकोणीस प्रश्न विचारायचे राहिले. अभ्यास झाला नाही. दिवसभर मनात ही.